सौर ड्रोन दोन महिने आकाशात राहू शकतात, मग सैन्यं ते सर्रास का वापरत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: सूर्यप्रकाशावर चालणारं मानवरहित विमान दोन महिन्यांहून जास्त काळ न उतरता उडालेलं आहे. त्याला इंधन लागत नाही आणि ते एकाच भागावर नजर ठेवून राहू शकतं. मग टेहळणीसाठी सैन्यं अजूनही इंधनावरच्या ड्रोनवर आणि उपग्रहांवरच का विसंबून आहेत? आणि बॅटऱ्या आणखी सुधारल्या की हे चित्र पालटेल का?

अशा विमानांचा ऊर्जेचा ताळेबंद मांडणं हे बरीच वर्षं माझं काम राहिलं आहे, त्यामुळे सुरुवात आकड्यांपासून करतो. पण निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. बॅटरीमुळे निम्मा प्रश्न सुटतो, आणि तो बऱ्यापैकी सुटत आला आहे. उरलेला निम्मा प्रश्न जमिनीपासून साधारण १५ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचा आहे. बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच येतो, पण ही विमानं तुटतात ती तिथेच.

आधी रात्रीचा हिशेब. एक विमान धरा: वजन ७० किलो, उंची २० किलोमीटर, वेग सेकंदाला २० मीटर. पंख उत्तम असतील तर हवेचा रोध वजनाच्या तिसाव्या हिश्श्याइतका येतो, म्हणजे सुमारे २३ न्यूटन. त्याला वेगानं गुणलं की ४६० वॅट. मोटर, तिचा नियंत्रक आणि प्रोपेलर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून सुमारे ६५० वॅट घ्यावे लागतात. उड्डाण-संगणक, रेडिओ आणि एखादा लहान कॅमेरा यांचे १०० वॅट मिळवले की झाले ७५० वॅट. आकडा किरकोळ वाटतो. पण रात्र १३ तासांची असेल तर उजाडेपर्यंत पावणेदहा किलोवॅट-तास हवेत.

चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे २५० वॅट-तास मावतात आणि त्यातले ९० टक्केच वापरायचे असतात. म्हणजे बॅटरीच ४३ किलोंची झाली. उरलेल्या २७ किलोंत पंख, सौरघट, मोटरी, तारा आणि कॅमेरा बसवायचा. असं विमान कागदावर जेमतेम उडतं, प्रत्यक्षात नाही. सिलिकॉन ॲनोडच्या (म्हणजे ऋण टोक सिलिकॉनचं असलेल्या) नव्या बॅटऱ्या किलोमागे ४०० वॅट-तासांच्या पुढे गेल्या आहेत. त्या घातल्या की तेच काम २७ किलोंत होतं आणि बांधणीला ४३ किलो मिळतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे क्षेत्र पुढे सरकलं त्याचं मुख्य कारण हेच आहे. सौरघटांची कार्यक्षमताही वाढली, पण ती निर्णायक नव्हती. दिवसा या उंचीवर ढग नसतात आणि ऊन भरपूर असतं. अडतं ते रात्री.

याच हिशेबातून लष्करी उपयोगाची मर्यादाही कळते. रात्रभर चालणारा प्रत्येक वॅट १३ वॅट-तास खातो, म्हणजे चांगल्यातली चांगली बॅटरी घेतली तरी ३६ ग्रॅम. शंभर वॅटचं उपकरण वाढवलं की बॅटरी ३.६ किलोंनी वाढते. ते वजन उचलायला जास्त शक्ती, त्या शक्तीसाठी पुन्हा बॅटरी, आणि दिवसा ती भरायला जास्त सौरघट. म्हणून कुणी एखादं उपकरण बसवायचा प्रस्ताव आणला की मी त्याचं वजन नंतर विचारतो; रात्री ते किती वॅट घेतं हे आधी विचारतो. ढगांआडचं पाहणारं रडार काही शे वॅट मागतं. ते रात्रभर चालू ठेवायचं म्हटलं तर या आकाराच्या विमानाचा ताळेबंद तिथेच कोसळतो.

आता इंधनाशी तुलना करा. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. इंजिननं त्यातली एक तृतीयांशच कामी आणली तरी ४,००० उरतात, म्हणजे उत्तम बॅटरीच्या दहापट. ग्लोबल हॉक हे अमेरिकेचं मोठं टेहळणी ड्रोन १,३०० किलोंहून जास्त उपकरणं घेऊन ३० तासांवर उडतं. ऑरोरा कंपनीच्या ओरायन ड्रोननं २०१४ मध्ये ८० तास काढले. व्हॅनिला नावाच्या लहानशा डिझेल विमानानं २०२१ मध्ये ८ दिवस न उतरता उड्डाण केलं. मोहीम आठवड्याच्या आतली असेल तर सौर विमानाचा विचार करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्याचा खरा फायदा त्यानंतर सुरू होतो.

रात्रीचा भार हलका करण्याची एक जुनी युक्ती आहे. दुपारी बॅटऱ्या भरल्या की उरलेली वीज विमान वर चढवण्यात घालायची आणि रात्री हळूहळू घसरत खाली यायचं. आपलं ७० किलोंचं विमान ५ किलोमीटर वर चढलं की साडेनऊशे वॅट-तास उंचीच्या रूपात साठतात. तेवढ्यावर मोटर न लावता सुमारे दोन तास निघतात आणि पावणेचार किलो बॅटरी वाचते. झेफर हे एअरबसचं सौर विमान असंच उडतं. पण खाली किती यायचं यालाही मर्यादा आहे, कारण खालच्या थरात वारा वाढतो आणि त्याच्याही खाली प्रवासी विमानांची वाहतूक असते.

अक्षांशाचा मुद्दा सैन्यांच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे आणि जाहिरातींत तो हमखास गाळलेला असतो. ऐन हिवाळ्यात २० अंश उत्तर अक्षांशावर, वातावरणाच्या वर, आडव्या पृष्ठभागाला दिवसाकाठी दर चौरस मीटरला सुमारे ७ किलोवॅट-तास ऊर्जा मिळते. ५० अंशांवर ती जेमतेम २ किलोवॅट-तास असते आणि रात्र १६ तासांची होते. म्हणजे सौरघट तिपटीहून जास्त हवेत आणि बॅटरीही मोठी. कीव्ह शहर साधारण याच अक्षांशावर आहे. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने तरंगत राहणारं सौर विमान आजच्या तंत्रानं होत नाही. शिवाय त्या पट्ट्यात हिवाळ्यात स्थितांबरातला (म्हणजे ही विमानं जिथे उडतात त्या उंच, ढगांवरच्या थरातला) वाराही सेकंदाला २० मीटरच्या वर सहज जातो. विमानाचाच वेग तेवढा असला तर ते जागच्या जागी राहण्याऐवजी वाहून जाईल. वर्षभर चालेल अशी सेवा हवी असेल तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा पट्टाच खरा.

आता इतिहास, कारण उरलेला निम्मा प्रश्न त्यातूनच समजतो. सूर्यावर उडालेलं पहिलं मानवरहित विमान म्हणजे रॉबर्ट बाउचर यांचं सनराइज. ते १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात उडालं. पुढे पॉल मॅक्रेडी यांच्या एरोव्हायरन्मेंट कंपनीनं १९८१ मध्ये सोलर चॅलेंजरनं इंग्लिश खाडी ओलांडली. त्यात वैमानिक होता. त्याच कंपनीनं १९८३ मध्ये अमेरिकी सरकारसाठी गुप्तपणे हॅलसोल नावाचं विमान उडवून पाहिलं. उद्देश लष्करीच होता: उंचावर, दीर्घकाळ. पण रात्र काढता येईल अशी ऊर्जासाठवण तेव्हा नव्हती, आणि ते विमान गुंडाळून ठेवलं गेलं. दहा वर्षांनी क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या कार्यक्रमासाठी ते पुन्हा बाहेर काढलं, पाथफाइंडर या नावानं. मग नासानं ते हाती घेतलं. त्यातूनच वाढत वाढत हेलिऑस तयार झालं. ७५ मीटर पंखविस्ताराच्या या विमानानं १३ ऑगस्ट २००१ रोजी २९,५२४ मीटर उंची गाठली.

हेलिऑसची पुढची गोष्ट या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं नीट अभ्यासावी असं मला मनापासून वाटतं. उंचीचा विक्रम करणाऱ्या रूपात त्याचं वजन पंखभर सारखं पसरलेलं होतं: मोटरी, सौरघट, सगळं. पंखाचा प्रत्येक भाग आपल्यापुरतं वजन उचलत होता, म्हणून तो अतिशय हलका बांधता आला. मग रात्र काढण्यासाठी इंधनघट, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारा संच, बसवायचं ठरलं. त्यासाठी मधोमध एक जड संच आणि दोन्ही टोकांकडे हायड्रोजनच्या टाक्या आल्या. एकूण वजन वाढलंच, पण खरा बदल होता तो वजन ठरावीक जागी एकवटल्याचा. २६ जून २००३ रोजी हवाईतल्या काउआई बेटावरून उड्डाण झालं. अर्ध्या तासानं, हजारभर मीटरही उंची गाठलेली नसताना, विमान खळबळीच्या हवेत सापडलं. पंखांची टोकं नेहमीपेक्षा खूप वर वाकली आणि तशीच राहिली. त्या आकारात विमानाची स्थिरता गेली. नाक वर-खाली हेलकावू लागलं आणि दर हेलकाव्यागणिक झोका वाढत गेला. वेग आरेखनाच्या मर्यादेबाहेर गेला, पंखाच्या वरचं आवरण आणि सौरघट उचकटले, आणि विमान समुद्रात पडलं. रात्रीवर मात करण्यासाठी केलेल्या बदलानंच विमान दिवसाउजेडी, जमिनीजवळ घालवलं.

यामागचं गणित असं आहे. २० किलोमीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ पट विरळ असते. तिथे सेकंदाला २० मीटर वेगानं जेवढं उत्थापन (वर उचलणारं बल) मिळतं, तेवढं जमिनीजवळ ५.४ मीटर वेगावरच मिळतं. ताशी १९ किलोमीटर! झेफर काही माणसं हातात धरून, पळत सोडून देतात, ते शक्य होतं याच कारणानं. पण आता विचार करा: ५.४ मीटर वेगानं जाणाऱ्या या विमानाखालून सेकंदाला २ मीटरचा ऊर्ध्व झोत आला, म्हणजे कुठल्याही उन्हाळी दुपारी येतो तसा अगदी साधा झोत, तर पंखावर येणाऱ्या हवेचा कोन २० अंशांनी बदलतो. उतरत्या प्रवासी विमानासाठी हाच बदल दीड अंशाचा असतो. आणि आपला पंख चौरस मीटरला अडीच किलोंच्या आसपास वजन पेलेल एवढाच मजबूत बांधलेला आहे, कारण मजबुतीचे किलो आपण रात्रीसाठी बॅटरीला देऊन टाकले आहेत.

आता अपघातांकडे पाहा. गूगलनं विकत घेतलेल्या टायटन कंपनीचं सोलारा-५० हे १ मे २०१५ रोजी न्यू मेक्सिकोत उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऊर्ध्व प्रवाहात सापडलं; वेग मर्यादेबाहेर गेला आणि पंख तुटला. फेसबुकचं अक्विला जून २०१६ मध्ये पहिल्याच उड्डाणात दीड तास व्यवस्थित उडालं, पण उतरताना वाऱ्याच्या झोतानं पंखाचं नुकसान झालं. एअरबसची दोन झेफर विमानं २०१९ मध्ये, मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरं, ऑस्ट्रेलियातल्या विंडमहून वर चढत असताना अस्थिर हवेत गमावली. वेगवेगळे संघ, वेगवेगळे आराखडे, तरी अपघाताची जागा एकच. स्थितांबरात पोहोचल्यावर ही विमानं बऱ्यापैकी निवांत असतात. धोका असतो तो वर जाताना आणि खाली येताना.

बॅटरी सुधारल्यानं हा धोका आपोआप जात नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. बॅटरीत वाचलेले किलो पंखाच्या मजबुतीला द्यायचे की आणखी उपकरणांना, हा निर्णय माणसं घेतात, आणि ग्राहक बहुधा उपकरणं मागतो.

अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेचा व्हल्चर कार्यक्रम याच ओढाताणीचं टोक होता. सलग पाच वर्षं हवेत राहणारं, सुमारे साडेचारशे किलो उपकरणं वाहणारं विमान हवं होतं. बोइंगच्या सोलरईगलचा पंखविस्तार १२० मीटरच्या पुढे जात होता. पाच वर्षं म्हणजे १,८०० हून जास्त रात्री, आणि दर रात्री साठवण जवळपास तळापर्यंत रिकामी होणार. जास्त ऊर्जा साठवणाऱ्या बॅटऱ्या इतकी खोल आवर्तनं आजही झेलत नाहीत. २०१२ मध्ये ते उड्डाण न होताच प्रकल्प थांबला. मागणी निम्म्यानं कमी केली असती तर काहीतरी उडालं असतं, असं मला आजही वाटतं.

झेफरनं नेमकं तेच केलं. २५ मीटर पंख, वजन ७५ किलोंच्या आत, आणि उपकरणं अगदी मोजकी. २०१० मध्ये ॲरिझोनातल्या युमाहून १४ दिवस, २०१८ मध्ये जवळपास २६ दिवस. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराबरोबरचं उड्डाण ६४ दिवस चाललं आणि अपघातानं संपलं. १९५८-५९ मध्ये दोन वैमानिकांनी सेसना विमानात, चालत्या गाडीतून इंधन घेत घेत, ६४ दिवस २२ तास काढले होते. तो विक्रम सुमारे चार तासांनी हुकला. २०२५ मध्ये केनियाहून सोडलेल्या झेफरनं ६७ दिवसांचा पल्ला गाठला. ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सचं ३५ मीटर पंखांचं फासा-३५ हे २०२३ मध्ये स्थितांबरात पोहोचलं. चीनच्या सीएच-टी४ नं २०१७ मध्ये २० किलोमीटरची उंची ओलांडली. भारतात एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेनं २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चळ्ळकेरे इथे अशाच विमानाचं १२ मीटर पंखांचं छोटं रूप उडवून पाहिलं. सोलर इम्पल्स-२ या प्रसिद्ध विमानाचं स्कायड्वेलर नावानं मानवरहित रूप झालं आहे. ते जड आहे आणि बरंच खालून उडतं, पण शेकडो किलो उपकरणं नेऊ शकतं. सागरी गस्तीसाठी मला हा रस्ता जास्त आशादायक वाटतो, कारण त्यात वजनाची कंजुषी टोकाला नेलेली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण फायदा खरोखर मोठा आहे. २० किलोमीटरवरून क्षितिज सुमारे ५०० किलोमीटर दूर असतं. ५०० किलोमीटर उंचीच्या उपग्रहापेक्षा हे विमान जमिनीच्या २५ पट जवळ असतं, म्हणून तोच रेडिओ संकेत त्याच्यापर्यंत सुमारे ६२५ पट जोरात पोहोचतो. सैनिकाच्या हातातल्या साध्या रेडिओशी ते थेट बोलू शकतं. जमिनीवरचे १० सेंटिमीटरचे तपशील टिपायला उपग्रहाला साडेतीन मीटरच्या आसपास व्यासाची दुर्बीण लागते, तर इथे १३-१४ सेंटिमीटरचं भिंग पुरतं. आणि उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, हे विमान तिथेच राहतं.

पण ते शत्रूच्या प्रदेशावर राहू शकत नाही. ताशी ७०-७५ किलोमीटर वेगाचं, वळायला मंद, पळून जायला असमर्थ विमान २० किलोमीटरवर सुरक्षित नसतं. १९६० मध्येच सोव्हिएत क्षेपणास्त्रानं यू-२ हे अमेरिकी हेरविमान पाडलं होतं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एफ-२२ या अमेरिकी लढाऊ विमानानं चिनी फुगा जवळपास याच उंचीवर पाडला. कायद्याची बाजूही आहे. उपग्रह कुठल्याही देशावरून जाऊ शकतो. विमान मात्र हवाई सार्वभौमत्वाच्या कक्षेत येतं, मग ते कितीही उंच असो. त्यामुळे आपल्या हद्दीत किंवा खुल्या समुद्रावर राहून तिरकं पलीकडे पाहणं, आणि त्याहून जास्त म्हणजे दळणवळणाचा दुवा होणं, ही त्याची खरी कामं. दळणवळणाला कॅमेऱ्यापेक्षा अचूक रोख कमी लागतो आणि वॅटही मोजूनमापून देता येतात. मला विचाराल तर सैन्यात ही विमानं आधी याच कामावर रुजू होतील.

खालच्या उंचीवरच्या लहान सौर ड्रोनची गोष्ट वेगळी आहे आणि ती आजच कामाला येते. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाचं ॲटलांटिकसोलर हे हातानं सोडता येणारं विमान २०१५ मध्ये ८१ तासांहून जास्त उडालं. ॲलन कोकोनी यांच्या सोलाँगनं तर २००५ मध्येच ऊर्ध्व प्रवाहांची मदत घेत ४८ तास काढले होते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं २०२० मध्ये हायब्रिड टायगर या ड्रोनमध्ये सौरघट, हायड्रोजनचा इंधनघट आणि घारीसारखं प्रवाहांवर तरंगण्याचं सॉफ्टवेअर एकत्र आणून नोव्हेंबरच्या कमी उन्हातही २६ तास काढले. इथे सूर्य एकटा भार उचलत नाही, तो हातभार लावतो. दोन-तीन तासांचा ड्रोन सहा-आठ तासांचा झाला तरी तुकडीला बॅटऱ्या कमी वाहाव्या लागतात आणि सोडण्या-उतरवण्याचे फेरे घटतात. ढगाळ दिवशी तो पुन्हा दोन-तीन तासांचा होतो, एवढं गृहीत धरून योजना आखली की झालं.

मग चित्र पालटेल का? पालटेल, पण सैन्यांना वापराची रीत बदलावी लागेल. सेनापती आज सांगेल आणि उद्या सकाळी विमान उडेल, असं इथे होत नाही. शांत हवेची वाट पाहावी लागते, कधी दिवसेंदिवस. त्यावर उपाय विमान दणकट करण्यात नाही, तळ निवडण्यात आहे. जिथे वर्षातले बरेच दिवस पहाटे वारा पडलेला असतो अशा मोजक्या ठिकाणांहून विमानं आधीच वर चढवून ठेवायची आणि गरज पडेल तिकडे स्थितांबरातूनच न्यायची. सेकंदाला २० मीटर म्हणजे दिवसाला १,७०० किलोमीटर. वारा आडवा आला नाही तर दोन-तीन दिवसांत ते मोहिमेच्या ठिकाणी पोहोचतं. स्थितांबरातल्या वाऱ्याचा अंदाज त्यासाठी आजच्याहून चांगला हवा.

मी स्वतः नव्या विमानाच्या बातमीत दिवसांचा आकडा शेवटी वाचतो. तेच विमान धड उतरून, दुरुस्त होऊन पुन्हा वर गेलं का, आणि किती वेळा, हे आधी शोधतो. दोन महिन्यांच्या मोहिमेनंतर दर वेळी विमान गमवावं लागलं तर खर्चाची उपग्रहाशी होणारी तुलना पार बदलते, आणि लष्करी खरेदीचा निर्णय त्या तुलनेवरच ठरतो.